रीडरमध्ये ब्रेल टिपण : काय करावे, काय टाळावे

अंधांचा पुस्तक-रीडर घडवणाऱ्यांसाठी, त्याचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आणि शाळा-संस्थांकरता तो मागवणाऱ्यांसाठी.

काय करावे

*कळा*

- सहा ठिपक्यांना सहा कळा द्या आणि मांडणी पर्किन्स ब्रेल-टंकयंत्राचीच ठेवा: डावीकडे ३-२-१, मधोमध स्पेस, उजवीकडे ४-५-६. १९५१ पासून बोटे हिलाच सरावली आहेत.
- सातव्या ठिपक्याची कळ खोडण्यासाठी आणि आठव्याची नव्या ओळीसाठी ठेवा. बहुतेक ब्रेल डिस्प्लेवर हाच रिवाज आहे.
- शेवटचे बोट उठल्यावरच अक्षर पक्के करा. सगळी बोटे एकाच क्षणी कधीच टेकत नाहीत.
- भरभर लिहिणाऱ्यांसाठी पहिले बोट उठताच अक्षर पक्के होण्याची सोय सेटिंगमध्ये ठेवा.
- सगळ्या कळा एकदम दाबल्या तरी प्रत्येकीची नोंद होईल अशी जोडणी करा.
- ती तपासायला 'ढ' दाबा, त्याला सहाही ठिपके लागतात. सहावा गळला तर 'ढग'चा 'क्षग' होतो, पहिला गळला तर 'टग'.
- ही चाचणी शंभर वेळा घ्या, आणि घाईत घ्या. सावकाश दाबल्यावर वाईट कळफलकही शहाण्यासारखा वागतो.
- एका हाताने लिहिण्याची पद्धत द्या: ठिपके एकामागून एक दाबायचे आणि स्पेसने अक्षर पूर्ण करायचे.
- कळ दबल्याचे बोटाला कळू द्या, शेजाऱ्याच्या कानाला नको. पर्किन्सच्या खडखडाटाने वर्गात आधीच पुरेसे वैर घेतले आहे.
- कळ-ओळख ठेवा: या पद्धतीत कोणतीही कळ दाबली तर यंत्राने फक्त तिचे काम सांगावे, करू नये.

*टिपण घेताना*

- पुस्तक चालू असताना एकाच जोडकळेने टिपण उघडू द्या.
- टिपण उघडताच वाचन थांबवा आणि बंद करताच एक वाक्य मागून पुन्हा सुरू करा; लिहिताना धागा सुटलेला असतो.
- टिपणाला पुस्तकातली जागा जोडा: नाव, प्रकरण, असेल तर छापील पान. डेझी पुस्तकात या खुणा बहुधा तयारच असतात.
- टिपणावरून पुस्तकात आणि पुस्तकातून टिपणावर उडी मारता येऊ द्या.
- सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून उतरवलेले पुस्तक काढून टाकले तरी त्यावरची टिपणे शाबूत ठेवा.
- तारीख-वेळ आपोआप घाला. घड्याळ पाहायला हात मोकळा नसतो.
- पहिली ओळ हेच टिपणाचे नाव धरा. नाव नंतर बदलता येते.
- यंत्र बंद करून उघडले की कर्सर जिथे होता तिथेच आणा.
- आवाज पूर्ण बंद ठेवून सगळे काम करता येऊ द्या. वर्गात, कोर्टात, कीर्तनात यंत्राने बोलून चालत नाही.
- डिस्प्ले नसेल तरी टिपणाची सोय द्या. १९८७चे 'ब्रेल एन स्पीक' नुसते बोलत असे आणि तरी टिपणाच्या कामाला पुरे पडत असे.
- अक्षर बोलावे, शब्द बोलावा की गप्प बसावे, हे एका कळेवर ठेवा.
- लिहिता लिहिता आकडेमोड करू द्या. अंधांची गणिताची पाटी, टेलर फ्रेम, काही कोणी खिशात घालून हिंडत नाही.

*मराठी*

- भारती ब्रेल कारखान्यातूनच घालून द्या. मुक्त स्रोत असलेल्या 'लिबलुईस'मध्ये मराठीचा तक्ता आहे, तो घ्या आणि सुधारून परत द्या.
- पाय मोडण्याची खूण (हलन्त), म्हणजे ठिपका ४, अक्षराआधी स्वीकारा आणि देवनागरीत अक्षरानंतर ठेवा. 'शक्य' बोटांनी श, हलन्त, क, य असा लिहिला जातो. युनिकोडमध्ये तो श, क, हलन्त, य असा बसतो.
- ठिपका ४ आल्यावर पुढच्या अक्षराची वाट पाहा आणि जोडाक्षर पूर्ण झाल्यावरच बोला.
- व्यंजनामागून आलेला स्वर मात्रा समजा; मध्ये 'अ' असेल तर तो स्वर सुटा ठेवा. 'मऊ' म्हणजे म, अ, ऊ असे तीन सेल. 'अ' गिळला की 'मू' उरतो.
- 'नऊ' आणि 'सई' याच नियमाने तपासा. एकीकडे हिशेब चुकतो, दुसरीकडे मुलीचे नाव.
- ३-४-५-६ शब्दारंभी आला तर अंकचिन्ह माना, शब्दात आला तर 'ण'. 'ण'ने सुरू होणारे शब्द मराठीत जवळजवळ नाहीतच. 'णमोकार' आहे, पण त्यातला पुढचा 'म' अंक होऊ शकत नाही.
- 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना त्यांचा स्वतंत्र एकेक सेल द्या: १-२-३-४-५ आणि १-५-६.
- चाचणीच्या यादीत हे शब्द घ्या: दुसऱ्या, तऱ्हा, बँक, ऑफिस, ॲप, दुःख, वाङ्मय, राष्ट्र, कळवळा, ज्ञानेश्वरी.
- मराठीतून इंग्रजीत आणि परत जाण्यासाठी एक जोडकळ ठेवा. १-२ हा मराठीत 'ब' आणि इंग्रजीत 'बी', कोणता ते ठिपके सांगत नाहीत.
- भाषा बदलली की डिस्प्लेवर किंवा आवाजात एक छोटी खूण द्या.
- इंग्रजी संक्षिप्त ब्रेल ऐच्छिक ठेवा. मराठी माध्यमातले पुष्कळ जण अक्षरागणिक लिहितात.

*जतन*

- बोटांनी लिहिलेले ठिपके जसेच्या तसे जतन करा. देवनागरी ही दुसरी प्रत, मूळ नव्हे. ऑर्बिट रीडर २० सुरुवातीला नुसते ठिपकेच जतन करत असे, आणि टिपणाला तेवढे पुरते.
- बीआरएफ फाईल वाचू आणि लिहू द्या. सहसा ४० सेलची ओळ आणि २५ ओळींचे पान धरतात, ब्रेल छापणारा एम्बॉसर तेच मागतो.
- आठ ठिपक्यांची टिपणे युनिकोडमध्ये ठेवा, तिथे सगळे २५६ आकार आहेत. बीआरएफमध्ये सहाच ठिपके मावतात.
- डोळस शिक्षकाला द्यायची प्रत यूटीएफ-८ मजकुरात काढून द्या, त्याला उघडायला काही विकत घ्यावे लागू नये.
- दर ओळीला आपोआप जतन करा.
- पुसलेले टिपण महिनाभर परत आणता येऊ द्या.
- फाईलचे नाव देवनागरीत चालू द्या.
- परीक्षेसाठी कुलूप ठेवा: जुनी टिपणे आणि पुस्तके बंद, कोरे पान चालू. पर्यवेक्षकाला तपासता येईल असे ठेवा, नाहीतर तो यंत्रच बाहेर ठेवायला सांगतो.

*डिस्प्ले*

- सेल १४ असोत की ४०, ओळ शब्दाच्या शेवटी तोडा.
- प्रत्येक सेलवर कर्सर आणणारी कळ द्या. चुकलेले अक्षर दुरुस्त करायला मागे मागे सरकत जाणे ही शिक्षा आहे.
- कर्सर ७-८ ठिपक्यांनी दाखवा आणि त्याची उघडझाप बंद करता येऊ द्या.
- मापे छापील ब्रेलचीच ठेवा: ठिपक्यांत सुमारे अडीच मिलिमीटर, दोन सेलमध्ये सुमारे सहा, उंची सुमारे अर्धा.
- संगणकाशी आणि फोनशी जोडताना एचआयडी ब्रेल हे २०१८चे मानक पाळा. वेगळे ड्रायव्हर शोधायला लावू नये.
- पिना साफ करण्याची सोपी रीत पुस्तिकेत लिहा. बोटांचा घाम आणि धूळ आपला वाटा घेतातच.

*माणसे*

- रोज ब्रेल लिहिणाऱ्या अंध व्यक्तीला पहिल्या बैठकीपासून बसवा, आणि मानधन देऊन बसवा.
- चाचणीला 'स्पर्शज्ञान' नियमित वाचणारे हात घ्या. २००८ पासून निघणाऱ्या या मराठी ब्रेल पाक्षिकावर पोसलेले बोट चूक लगेच पकडते.
- स्लेटवर शिकलेल्यांसाठी एक छोटा सराव-धडा घाला. स्लेटवर उजवीकडून डावीकडे, उलटे टोचतात, कळांवर सरळ लिहितात.
- उशिरा अंध झालेल्यांना आणि मधुमेहाने बोटे बधिर झालेल्यांना आवाजाची जोड द्या.
- पुस्तिका ब्रेलमध्ये छापून खोक्यातच ठेवा.

काय टाळावे

*कळा*

- कळांचा क्रम 'अधिक सोपा' करू नका. तो आधीच पाठ आहे.
- सपाट काचेवर सहा गोल काढून त्याला कळफलक म्हणू नका. काचेवरचे ब्रेल आयफोनमध्ये २०१४ पासून आणि अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये २०२० पासून आहे. त्यासाठी वेगळे यंत्र कोण घेईल?
- बारा अंककळांच्या डेझी प्लेअरवर ब्रेल लादू नका. ब्लूटूथने ब्रेल कळफलक जोडू द्या आणि गप्प बसा.
- सगळे पुसणारी आज्ञा लिहिण्याच्या कळांच्या जवळपास ठेवू नका.
- वारंवार लागणाऱ्या आज्ञांना चार-पाच बोटांच्या जोडकळा देऊ नका.
- प्रत्येक अक्षराला 'टिक' वाजवू नका.
- चालू-बंदची कळ उघडी ठेवू नका. खिशातले सुट्टे पैसे ती दाबतात.

*टिपण घेताना*

- टिपण मेनूच्या चौथ्या पायरीवर लपवू नका. तिथे पोहोचेपर्यंत वक्ता पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो.
- 'जतन करायचे का?' असे दरवेळी विचारू नका, करायचेच असते.
- लिहिणारा थांबला म्हणून यंत्र झोपवू नका. वक्ता पाणी पीत असतो, तेवढेच.
- शुद्धलेखन आपोआप दुरुस्त करू नका. टिपणातले आडनाव यंत्राला ठाऊक नसते.
- शब्द सुचवून मध्येच बोलू नका.
- बॅटरी संपत आल्याची सूचना टिपणाच्या मजकुरात घुसवू नका. थरथरीने द्या.
- टिपणाच्या लांबीला मर्यादा घालू नका.

*मराठी*

- 'मराठी पुढच्या अपडेटमध्ये' असे लिहून विकू नका.
- हिंदीचा तक्ता मराठीला चालेल असे धरू नका. ळ, ऱ्य, ॲ आणि ऑ यांच्यापाशी तो तपासल्याशिवाय भरवसा धरू नका.
- न समजलेला आकार गाळू नका, त्याजागी प्रश्नचिन्हही टाकू नका; ठिपके आहेत तसे राहू द्या, लिहिणाऱ्याला ते कळतात.
- देवनागरी रोमनमध्ये उतरवून 'मराठी चालते' असे म्हणू नका.
- जोडाक्षर तोडून बोलू नका. 'श, हलन्त, क, य' ऐकत बसायला कोणाकडे वेळ नाही.
- ठिपक्यांवरून मजकूर तयार करताना ऱ्हस्व-दीर्घ एक करू नका. 'दिन' आणि 'दीन' यांचे सेल वेगळे असतात.
- आवाज आहे तर ब्रेल कशाला, असे विचारू नका. 'शिर' की 'शीर' हे कानाला कळत नाही, बोटाला कळते.

*जतन*

- फक्त तुमच्याच यंत्रात उघडणारी फाईल काढू नका; यंत्र बंद पडेल, टिपणे उरली पाहिजेत.
- टिपणे फक्त क्लाउडवर ठेवू नका; एसटीच्या प्रवासात नेटवर्क सह्याद्रीच्या मर्जीवर असते.
- यंत्र वापरायला खाते उघडायला लावू नका, आणि त्यात चित्रातली अक्षरे ओळखायला तर मुळीच नाही.
- मेमरी कार्ड भरले तर मुकाट्याने लिहिणे थांबवू नका. आधी सांगा, मग आतल्या जागेत जतन करा.
- अपडेट करताना टिपणांना हात लावू नका. माझी वर्षभराची टिपणे अशीच गेली. कंपनीने दिलगिरीचे पत्र पाठवले, तेही चित्राच्या रूपात, म्हणजे ते वाचायला मला शेजारचा मुलगा बोलवावा लागला.
- टिपणे वाचून 'सुधारणेसाठी' कोठेही पाठवू नका. डायरी ब्रेलमध्ये असली तरी डायरीच असते.

*डिस्प्ले*

- एका ओळीच्या डिस्प्लेवर कोपऱ्यातली चिन्हे, वेळ आणि बॅटरी यांना सेल देऊ नका. वीस सेलमधले चार गेले की वाक्य उरत नाही.
- लिहिताना ओळ आपणहून सरकवू नका. बोट जिथे आहे तिथले अक्षर तिथेच राहिले पाहिजे.
- पिनांचा जोर कमी करून बॅटरी वाचवू नका. दबणारा ठिपका हा ठिपकाच नव्हे.

*माणसे आणि खरेदी*

- डोळ्यांवर पट्टी बांधून चाचणी घेऊ नका. पट्टी बांधलेल्याला अंधार कळतो, ब्रेल कळत नाही.
- खोक्यावर 'अंधांच्या जीवनात प्रकाश' असे छापू नका. त्या जागी सेलची संख्या आणि बॅटरीचे तास छापा.
- निविदेत नुसते 'ब्रेल सपोर्ट' लिहू नका. कळा किती, सेल किती, कोणत्या भाषा, कोणत्या फाईली, दुरुस्ती कोठे आणि किती दिवसांत, हे लिहा.
- सर्वांत स्वस्त निविदा डोळे मिटून घेऊ नका. कळांच्या जोडणीतच बचत केलेली असते.
- पुरवठादाराने स्वतःच्या माणसाकडून दाखवलेले प्रात्यक्षिक पुरेसे मानू नका.
- दुरुस्तीसाठी यंत्र परदेशी पाठवावे लागेल अशा अटीवर सही करू नका. सत्र जूनमध्ये सुरू होते आणि यंत्र दिवाळीत येते.
- वाटपाचा समारंभ झाल्यावर यंत्रे कपाटात कुलपाआड ठेवू नका. 'मोडतील' ही सबब चालणार नाही. न वापरलेली बॅटरी कपाटातही मरते.
- यंत्र आले म्हणून स्लेट आणि स्टायलस काढून घेऊ नका; वीज नसते तेव्हा तीच चालतात.
- यंत्राच्या नोंदवहीत मुलाच्या नावापुढे 'चालवता येत नाही' असे लिहिण्याआधी त्याला पंधरा दिवस घरी नेऊ द्या.
- पावतीवर तुम्ही एकट्याने सही करू नका. आधी ब्रेल लिहिणाऱ्या एकाच्या हातात यंत्र द्या, त्याला भरभर दहा वेळा 'ढ' लिहू द्या. दहापैकी एकही चुकला तर खोका परत पाठवा.